राजदंड आणि जलशोधन : गोदा-मांजरातीरीं मलनिवारणाचें दायित्व

जलाशय मलिन झाला असतां तो शुद्ध करण्याचा खर्च कोणीं सोसावा, आणि मलिन करणारी स्वतः राजसत्ताच असेल तर तिजकडून तो खर्च कोणीं व कसा वसूल करावा, हा प्रश्न अलीकडे न्यायासनांपुढें वारंवार येऊं लागला आहे. हा प्रश्न सर्वस्वीं अर्वाचीन आहे, यंत्रयुगापूर्वीं तो कोणास सुचणेंच शक्य नव्हतें, असा एक समज आहे. उलटपक्षीं, आमच्या पूर्वजांनीं सारें कांहीं आधींच सांगून ठेविलें आहे, असें म्हणणारेही थोडे नाहींत. हे दोन्ही पक्ष आम्हांस एकदेशी वाटतात. जुन्या दंडनीतींत ह्या प्रश्नाचीं कांहीं अंगें स्पष्ट दिसतात, कांहीं मुळींच दिसत नाहींत; आणि जीं दिसतात त्यांचा आजच्या व्यवहाराशीं ताळा घालून पाहिला असतां आजच्या व्यवहारांतील एक मोठें वैगुण्य उघडें पडतें. तें असें कीं, राजसत्तेस झालेला दंड राजसत्तेच्याच एका कोठारांतून दुसऱ्या कोठारांत जाऊं शकतो आणि पाणी मात्र होतें तसेंच राहतें. ह्याचें विवेचन नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांच्या नद्या डोळ्यांपुढें ठेवून करण्याचें योजिलें आहे.

१

नांदेड हें गोदावरीच्या उत्तर तीरावरील प्राचीन स्थान होय. वाकाटक राजा द्वितीय विंध्यशक्ति ह्याच्या वाशीम येथील ताम्रपटांत ‘नांदिकड’ म्हणून ज्या भागाचा उल्लेख आहे तो नांदेडचाच, असें संशोधक मानतात. शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग ह्यांचा देहान्त इ. स. १७०८ मध्यें येथेंच झाला, आणि तेव्हांपासून येथील घाटांवर दूरदूरचे यात्रेकरू येत आले आहेत. लातूर म्हणजे राष्ट्रकूटांच्या बिरुदांतील ‘लत्तलूर’. नांदेड जिल्ह्यांतील कंधार येथील राष्ट्रकूटकालीन शिलालेखांत ‘जगत्तुंगसमुद्र’ ह्या जलाशयाचें नांव आलें आहे. पाणी सांठविणें हें राजाचें कर्तव्य व भूषण मानलें जात असे, ह्याची ती साक्ष होय. आमच्या विषयास अधिक जवळची गोष्ट ही कीं, याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) आश्रयास होता. तें कल्याण, म्हणजे आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेस लागूनच असलेल्या बीदर जिल्ह्यांत आहे. ज्या ग्रंथावर पुढें कित्येक शतकें हिंदूंचा व्यवहार चालला, तो असा ह्या परिसराचाच होय.

दोन्ही नद्यांची पुढची गति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गोदावरी नांदेडवरून राहेर, बाभळी असा प्रवास करीत तेलंगणांत शिरते. मांजरा लातूर जिल्ह्यांतून कर्नाटक व तेलंगण ह्यांत जाऊन, निजामसागर ओलांडून, पुन्हां नांदेडच्या सीमेवर येते आणि कंदकुर्तीपाशीं गोदावरीस मिळते. म्हणजे ह्या दोन जिल्ह्यांतलें जें सांडपाणी वाटेंत जिरत नाहीं, त्याची शेवटची भेट एकाच संगमावर, आणि तीही परराज्याच्या उंबरठ्यावर होते. शिवाय हा प्रदेश अवर्षणाचा. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून ५ लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोंचली. पाण्याच्या टांक्यांभोंवतीं दंगा होऊं नये म्हणून त्या वर्षीं जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. जेथें पिण्याचें पाणी सुमारें ३४० किलोमीटरांवरून आणण्याची पाळी येते, तेथें आहे तें पाणी नासविणें हा अपराध इतर प्रांतांतल्यापेक्षां गुरुतर मानला पाहिजे.

२

आतां धर्मशास्त्राकडे वळूं. मनुस्मृतीच्या चवथ्या अध्यायांत पाण्यांत मल, मूत्र, थुंकी, रक्त, विष इत्यादि टाकूं नये असा निषेध आहे. परंतु तो स्नातकाच्या आचारांतला आहे, व्यवहारांतला नव्हे. केवळ त्यावरून ‘प्राचीन प्रदूषणकायदा’ सिद्ध करूं पाहणें म्हणजे आचार व व्यवहार ह्यांची गल्लत करणें होय. व्यवहाराचा नियम नवव्या अध्यायांत आहे. आपत्ति नसतां राजमार्गावर घाण करणारानें दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण तत्काळ काढावी, असें तेथें सांगितलें आहे. लगेच पुढें अपवाद आहे : संकटांत सांपडलेला, वृद्ध, गर्भिणी व बालक ह्यांस दंड करूं नये, शब्दांनीं समज द्यावी, परंतु घाण काढली गेलीच पाहिजे. कौटिल्यानें नगराध्यक्षाच्या प्रकरणांत ह्याच जातीचे दंड बारकाईनें दिले आहेत. रस्त्यावर कचरा टाकल्यास पणाचा आठवा भाग, चिखलपाणी तुंबविल्यास चवथा भाग, राजमार्गावर त्याच्या दुप्पट. आणि पुण्यस्थान, पाणवठा, देवालय व राजगृह येथें मलोत्सर्ग केल्यास एक पणापासून चढता दंड. पाणवठ्याची गणना देवालय व राजगृह ह्यांच्या पंक्तीस केली आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

ह्या नियमांतून दोन तत्त्वें निघतात. पहिलें असें कीं, दंड आणि शोधन हीं दोन निरनिराळीं ऋणें आहेत. एक फेडल्यानें दुसरें फिटत नाहीं. दुसरें असें कीं, असमर्थता ही दंड माफ करविते, शोधन माफ करवीत नाहीं. पुढें आधुनिक न्यायालयांच्या निर्णयांचा विचार करतांना हीं दोन तत्त्वें वाचकांनीं मनांत बाळगावींत.

राजाच्या स्वतःच्या दायित्वाविषयीं धर्मशास्त्र काय म्हणतें? प्रजेचें चोरीस गेलेलें धन राजानें परत मिळवून द्यावें, आणि तें मिळालें नाहीं तर आपल्या कोशांतून भरून द्यावें, असें गौतमानें व कौटिल्यानें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानें तें न देणाऱ्या राजास चोराच्या पापाचा भागी ठरविलें आहे, आणि विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत हा अर्थ पुष्ट केला आहे. ह्याचें कारण उघड आहे : राजा षष्ठांश घेतो तो रक्षणाचें वेतन म्हणून; रक्षण झालें नाहीं तर वेतन परत केलें पाहिजे.

परंतु राजा स्वतःच अपराधी असेल तर? मनूच्या आठव्या अध्यायांत सामान्य माणसास जेथें एक कार्षापण दंड, तेथें राजास सहस्र कार्षापण, असें म्हटलें आहे. हा दंड राजानें द्यावा कोणास? स्वतःच्या कोशांत टाकल्यास तो दंडच नव्हे. ह्या अडचणीचा परिहार टीकाकार कुल्लूकानें केला आहे : राजानें स्वतःचा दंड पाण्यांत टाकावा किंवा ब्राह्मणांस द्यावा, कारण दंडाचा स्वामी वरुण आहे. वरुण राजांवरही दंड धरणारा आहे, हें नवव्या अध्यायांतील वचन त्यास आधारभूत आहे. याज्ञवल्क्यानेंही अन्यायानें घेतलेला दंड राजानें वरुणास निवेदन करून तीसपट ब्राह्मणांस द्यावा असें सांगितलें आहे. वरुण ही जलदेवता होय. ब्राह्मणांस देण्याचा भाग त्या काळाच्या समाजरचनेचा आहे आणि तो तेथेंच राहूं द्यावा. पण त्याखालचें तत्त्व कालबाह्य नाहीं. राजाचा दंड राजाच्या कोशांत परत जातां कामा नये, हें तें तत्त्व. हीं वचनें कोणत्या राजानें कितपत पाळलीं हा प्रश्न निराळा. स्मृति म्हणजे शिलालेख नव्हे. तथापि दंड देणारा व दंड घेणारा एकच असला म्हणजे न्यायाची फसवणूक होते, ही गोष्ट शास्त्रकारांच्या ध्यानांत आली होती, एवढें निश्चित.

३

दायित्व ठरविण्यापूर्वीं अपराधी ठरला पाहिजे. सागरांत हें काम बहुधा सोपें असतें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं ‘एमएससी चित्रा’ व ‘खलीजिया’ हीं जहाजें एकमेकांवर आदळलीं व तेल किनाऱ्यास लागलें. पुढच्याच वर्षीं, ४ ऑगस्ट २०११ रोजीं, ‘राक’ नांवाचें कोळशानें भरलेलें जहाज मुंबईच्या किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर बुडालें. ह्या दुसऱ्या प्रकरणीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ मध्यें परदेशी जहाजकंपनीवर १०० कोटि रुपयांची पर्यावरणभरपाई बसविली. जहाजास नांव असतें व मालक असतो. नदींत पडणाऱ्या नाल्यास मालक नसतो. तो सर्वांचा असतो, म्हणून कोणाचाच नसतो.

अशा ठिकाणीं आपल्याच देशांतली एक जुनी रीत स्मरण करण्यासारखी आहे. चोरी झाली म्हणजे गांवचा जागल्या किंवा रामोशी चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गांवाच्या हद्दींत शिरला कीं तो त्या गांवच्या जागल्याच्या हवालीं करी. असें करतां करतां ज्या गांवाच्या हद्दींतून माग पुढें निघत नसे, त्या गांवावर भरपाईची जबाबदारी येई. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावरील आपल्या अहवालांत गांवच्या रखवालदाराच्या ह्या कामाचें वर्णन केलें आहे, आणि याज्ञवल्क्यानेंही माग गांवाबाहेर निघाला नाहीं तर दोष ग्रामपालाचा, असेंच म्हटलें आहे.

पाण्याचाही माग काढतां येतो. पाण्यांतील सेंद्रिय घाण कुजवितांना सूक्ष्म जंतु किती प्राणवायु खर्च करतात, हें मोजून मलिनतेचें मान ठरवितात. स्नानयोग्य पाण्यांत हें मान लिटरमागें ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असा दंडक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ मध्यें देशांतील नद्यांचे ३५१ पट्टे मलिन म्हणून नोंदले; त्यांपैकीं ५३ महाराष्ट्रांतले होते, आणि गोदावरीचा पट्टा नाशिकच्या सोमेश्वरापासून नांदेड जिल्ह्यांतील राहेरपर्यंत धरला होता. २०२२ च्या नोंदींत देशांतील पट्टे ३११ पर्यंत उतरले, महाराष्ट्रांतले मात्र ५५ झाले. नाशिक ते राहेर हा एकच पट्टा धरला म्हणजे माग शेकडों गांवांत विखुरतो आणि प्रत्येक गांव वरच्या गांवाकडे बोट दाखवितें. शहराच्या वर विष्णुपुरीपाशीं पाणी कसें होतें आणि शहर ओलांडल्यावर कसें झालें, हें शेजारीं शेजारीं मांडलें तरच माग कोणाच्या शिवेंत थांबला तें कळतें.

हें अशक्य नाहीं, ह्याचा दाखला ह्याच नदीवर आहे. बाभळी बंधाऱ्याच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं निर्णय देऊन १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें, असें ठरविलें. २.७४ अब्ज घनफुटांच्या त्या सांठ्याचा हिशोब तारीखवार व दशांशापर्यंत झाला. पाणी किती, ह्याविषयीं दोन राज्यें सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलीं. पाणी कसें, ह्याविषयीं तसें भांडण झाल्याचें ऐकिवांत नाहीं. वस्तुतः खालच्या राज्याचा तोही तितकाच हक्क आहे.

४

आधुनिक कायद्याचा क्रम थोडक्यांत असा. १९४८ पर्यंत हे दोन्ही प्रदेश निजामाच्या राज्यांत होते. १९५६ मध्यें ते मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आले. महाराष्ट्रानें जलप्रदूषणनिवारणाचा कायदा केंद्राच्या आधीं, १९६९ मध्यें केला व १९७० मध्यें प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिलें. केंद्राचा कायदा १९७४ चा. तो महाराष्ट्रानें १९८१ मध्यें स्वीकारला. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्यें व लातूरची २०११ मध्यें अस्तित्वांत आली. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यानें मैलापाण्याची विल्हेवाट हें आवश्यक कर्तव्यांत घातलें आहे, ऐच्छिक कर्तव्यांत नव्हे.

१९७४ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमानें सरकारी खात्याकडून अपराध घडल्यास त्या खात्याच्या प्रमुखास अपराधी मानावें, असें ठरविलें होतें. २०२४ च्या दुरुस्तीनें त्या जागीं खातेप्रमुखाच्या एक महिन्याच्या मूळ वेतनाइतका दंड आला. ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेश ह्यांस लागू झाली. सहस्रपटींपासून एका महिन्याच्या वेतनापर्यंत झालेला हा उतार वाचकांनींच पाहावा.

न्यायालयांची वाटचाल मात्र उलट दिशेनें झाली. रतलाम येथील एका रस्त्यावरील रहिवाशांनीं उघडीं गटारें व दुर्गंधि ह्यांविरुद्ध १९७२ मध्यें दंडाधिकाऱ्याकडे धांव घेतली. नगरपालिकेनें पैसा नाहीं म्हणून हात वर केले. सर्वोच्च न्यायालयानें १९८० मध्यें न्या. कृष्ण अय्यर ह्यांच्या निर्णयानें ही सबब फेटाळली : द्रव्याभाव हें सार्वजनिक आरोग्याच्या कर्तव्यांतून सुटण्याचें कारण होऊं शकत नाहीं. मनूनें वृद्ध व बालक ह्यांचा दंड माफ केला पण शोधन माफ केलें नाहीं, त्याच तत्त्वाचा हा अर्वाचीन अवतार होय. २२ फेब्रुवारी २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व नगरसंस्थांस मैलापाणी-शुद्धीकरणाचीं केंद्रें तीन वर्षांत उभारण्यास सांगितलें, आणि पैसा नसल्यास वापरणारांवर कर बसवा, असेंही सुचविलें. २०१९ मध्यें हरित न्यायाधिकरणानें, ठरल्या मुदतींत नाल्यांवर उपाय सुरू न केल्यास प्रत्येक नाल्यामागें महिना ५ लक्ष रुपये, असा दर बांधून दिला.

ह्या क्रमाचा कळस ८ सप्टेंबर २०२२ च्या आज्ञेंत झाला. महाराष्ट्रांत रोज सुमारें ५,४२० दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध न होतां राहतें, असा हिशोब करून दर दशलक्ष लिटरांमागें २ कोटि रुपये धरून, व सांचलेल्या कचऱ्याबद्दलची रक्कम त्यांत मिळवून, न्यायाधिकरणानें राज्यशासनावर १२,००० कोटि रुपयांची भरपाई बसविली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्या आज्ञेस स्थगिति दिली. आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्या आज्ञेंतील एक बारीक अट. ही रक्कम निराळ्या, राखून ठेविलेल्या खात्यांत भरावी आणि मुख्य सचिवांच्या देखरेखीखालीं केवळ शुद्धीकरणावर खर्चावी, अशी ती अट होती. कुल्लूकानें राजाचा दंड पाण्यांत टाकावयास सांगितला. न्यायाधिकरणानें तो पाण्यासाठीं बाजूस काढावयास सांगितला. दोहोंमागची शंका एकच आहे.

५

ह्यावर एक आक्षेप येतो व तो सबळ आहे. शासनाचा पैसा म्हणजे प्रजेचा पैसा; तेव्हां शासनास दंड करणें म्हणजे जिचें पाणी नासलें तिच्याच गळ्यांत दंड बांधणें नव्हे काय? अमेरिकेंतील बॉस्टन बंदराचा दाखला ह्या बाबतींत बोधप्रद आहे. तेथें शहरांचें मैलापाणी बंदरांत सोडलें जाई. क्विन्सी ह्या नगरानें १९८२ मध्यें फिर्याद केली. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९८४ मध्यें नवी जलसंस्था स्थापिली. १९८५ मध्यें संघराज्याच्या न्यायालयानें कायद्याचा भंग झाल्याचें ठरविलें व कामाचें वेळापत्रक आपल्या नजरेखालीं ठेविलें. सुमारें ३.८ अब्ज डॉलर खर्च झाला आणि त्याचा मोठा वाटा पाणीपट्टी भरणारांनींच सोसला. त्यांची कुरकूर झालीच. परंतु बंदर स्वच्छ झालें. तेथील लोकांनीं पैसे भरले ते दंड म्हणून नव्हे, शोधन म्हणून. आणि जें भरलें त्याचें फळ डोळ्यांनीं पाहिलें. आक्षेपाचें उत्तर ह्यांतच आहे. प्रजेच्या पैशाचा केवळ दंड झाला तर तो अन्याय; त्याच पैशाचें शोधन झालें तर तो व्यवहार.

शोधनाची एक बाजू शास्त्रग्रंथांत झांकलेली आहे, ती येथें न झांकणें हें इतिहासलेखकाचें कर्तव्य होय. घाण करणारानेंच ती काढावी हा मनूचा नियम पोथींत राहिला. प्रत्यक्षांत ती काढण्याचें काम जन्मावरून कांहीं जातींच्या माथीं मारलें गेलें. म्हणजे मलाचें खरें ऋण ज्यांनीं केलें नव्हतें त्यांनींच पिढ्यान्‌पिढ्या फेडलें. हातानें मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठीं १९९३ व २०१३ असे दोन कायदे करावे लागले. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें गटारांत मृत्यु पावलेल्याच्या कुटुंबास १० लक्ष रुपये देण्याचा नियम केला आणि २०२३ मध्यें ती रक्कम ३० लक्षांवर नेली. शासनाच्या दायित्वाचा कोणताही निकाल लावतांना ही बाब प्रथम मोजली पाहिजे. कारण नदी स्वच्छ करण्याच्या नांवाखालीं पुन्हां कोणास गटारांत उतरविलें गेलें, तर एक ऋण फेडण्यासाठीं दुसरें अधिक काळें ऋण काढल्यासारखें होईल.

६

एतावता निष्कर्ष असा. गोदा-मांजरांच्या मलाचें दायित्व ठरवितांना तीन गोष्टींची सांगड घातली पाहिजे. माग गांवागांवाच्या शिवेवर मोजला जावा, म्हणजे वरच्या गांवाकडे बोट दाखविण्यास जागा उरणार नाहीं. दंडाची रक्कम ज्या पट्ट्याच्या मलिनतेबद्दल बसविली त्याच पट्ट्याच्या शुद्धीसाठीं निराळी राखली जावी व तिचा जमाखर्च लोकांपुढें मांडला जावा, म्हणजे ती कोशांत परत शिरणार नाहीं. आणि दंड भरला म्हणून शोधनाचें कर्तव्य संपलें असें कोणीं मानूं नये. दंड माफ होईल, तहकूब होईल, त्यास स्थगितिही मिळेल, परंतु शोधनास स्थगिति देण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्रानें कोणासही दिलेला नाहीं. १२,००० कोटींच्या आज्ञेस स्थगिति मिळाली, त्या दिवशींही नाले वाहतच होते.

ह्या विषयाचीं साधनें केवळ संस्कृत पोथ्यांत नाहींत. नगरपालिकांचे जुने ठराव, गटारयोजनांचे नकाशे, पाणी तपासल्याचीं टिपणें, हीं सर्व इतिहासाचींच कागदपत्रें होत, आणि तीं सनदा-महजरांइतक्याच आस्थेनें जपलीं पाहिजेत. नांदेड, लातूर, कंधार, धर्माबाद, बिलोली येथील अभ्यासकांनीं आपापल्या गांवचे असे कागद मिळवून क्रमानें लावले, तर माग कोठून निघाला व कोठें थांबला हें दाखविणारी साखळी तयार होईल. पुढें एखाद्या न्यायासनापुढें तिचा उपयोग झाला, तर इतिहाससंशोधनाचें तें कार्य अप्रस्तुत ठरणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.